टास्कबार कुठे ठेवायचा, हे कोण ठरवणार?

मंडळी, एरवी मी पाणी, रस्ते आणि नगरपरिषदेची टेंडरं यावर लिहितो. आज कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच्या एका पट्टीवर लिहिणार आहे. "एवढाच प्रश्न उरला का गावात?" असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आधी पूर्ण वाचा, मग भांडायला या.

पट्टी म्हणजे टास्कबार. स्टार्टचं बटण, उघडलेल्या फायली, घड्याळ असतं ना, ती. विंडोज ९५ पासून विंडोज १० पर्यंत ही पट्टी माउसने धरून ओढली की डावीकडे, उजवीकडे, वर, पाहिजे तिथे जायची. पाव शतकाहून जास्त काळ ही साधी सोय होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली आणि टास्कबार खाली जखडून टाकला. एकाच प्रोग्रामच्या चार फायली उघडल्या तर चार नावं वेगवेगळी दिसायची, तेही बंद. सगळ्या एकाच चिन्हाखाली कोंबल्या. राइट-क्लिक केलं की नेहमीच्या निम्म्या गोष्टी 'आणखी पर्याय'च्या आत लपलेल्या. नावं वेगळी दिसण्याची सोय जगभर बोंब झाल्यावर २०२३ मध्ये परत दिली. आपलंच आपल्याला परत मिळायला दोन वर्षं लागली.

आता म्हणाल, पट्टी खाली असली काय नि डावीकडे असली काय, फरक काय पडतो? तुम्हाला पडत नसेल. वर्तमानपत्राचं पान लावणाऱ्याला पडतो. पान उभं असतं, स्क्रीन आडवा असतो. आपल्याकडच्या प्रेसमध्ये आणि साप्ताहिकांच्या ऑफिसात अजून १३६६ बाय ७६८ चे मॉनिटर चालू आहेत. उंचीला जेमतेम ७६८ ठिपके, त्यातले ४८ विंडोज ११ चा टास्कबार खातो. हिशेब करा, बरोबर सोळावा हिस्सा. जुन्या भाषेत रुपयामागे एक आणा. वरून मेनूची पट्टी, टूलची पट्टी, रूलर. उरलेल्या फटीतून माणूस आठ कॉलमचं पान बघतो आणि दिवसभर वर-खाली, वर-खाली करत बसतो. रुंदीला जागा मोकळी पडलेली असते, म्हणून पानं लावणारे लोक टास्कबार डावीकडे ठेवायचे. त्यात हौस नव्हती, कामाची गरज होती.

आमच्या ऑफिसात पानं लावणारे एक काका आहेत. वय अठ्ठावन्न. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ट्रेडल मशीनच्या काळात खिळे जुळवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. मग ऑफसेट आलं, मग पेजमेकर, मग युनिकोड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आमचं जुनं मशीन विंडोज ११ च्या अटीत बसेना, म्हणून नवीन घेतलं. काकांनी पहिल्याच दिवशी टास्कबार डावीकडे ओढायचा प्रयत्न केला. हलेना. ज्याने मशीन बसवलं तो पोरगा, वय फार तर चोवीस, त्यांना म्हणाला, "काका, आता असंच असतं. सवय करून घ्या."

या तीन शब्दांवर माझा राग आहे आणि ही पोस्ट त्याच्यावरच आहे. ज्या माणसाने शिशाच्या खिळ्यांपासून आजपर्यंतच्या सगळ्या सवयी करून घेतल्या, त्याला सवयीचे धडे? काम करणाऱ्याने हत्याराप्रमाणे वाकायचं की हत्यार त्याच्या हाताला बसवून घ्यायचं? आपल्याकडे सुतार रंध्याची मूठ आपल्या हाताला येईल अशी करून घेतो. शिंपी मशीनच्या पायट्याला कापड गुंडाळतो. त्यांना कुणी जाऊन सांगत नाही की कंपनीने दिलंय तसंच वापरा. चाळीस-पन्नास हजारांच्या कॉम्प्युटरला मात्र हात लावायचा नाही, हे आपण कधी मान्य केलं?

तर काकांच्या मशीनवर मी विंडहॉक नावाचं एक छोटं, फुकट सॉफ्टवेअर टाकलं. विंडोजच्या दिसण्या-वागण्यात असे छोटे बदल करायला ते असतं. त्यात टास्कबार उभा करायचा एक मॉड आहे. प्रत्येक मॉडचा मूळ कोड तिथेच उघडून वाचता येतो, लपवाछपवी नाही. दहा मिनिटांचं काम. मशीन बसवणाऱ्या पोराला हे माहीतच नव्हतं. त्याचा दोष मी धरत नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही, आणि त्याच्या दुकानाला ते शिकवण्यात फायदा नाही.

असली छोटी सॉफ्टवेअरं काही आजची नाहीत. विंडोज ९५ च्या काळात मायक्रोसॉफ्टमधल्याच लोकांनी 'पॉवरटॉइज' नावाचा फुकट संच काढला होता. त्यातलं 'ट्वीक यूआय' आमच्या पिढीतल्या कॉम्प्युटरवाल्यांना आठवत असेल. म्हणजे प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हे कंपनीला तेव्हाही कळत होतं. मधे वर्षानुवर्षं तो संच बंद राहिला, २०१९ मध्ये पुन्हा काढला, आज तो चांगला चालू आहे. गंमत बघा, एकीकडे विंडोजमधल्या सोयी काढायच्या आणि दुसरीकडे हौशी लोकांसाठी वेगळा डबा ठेवायचा. ज्याला डब्याचा पत्ता माहीत आहे त्याला खाऊ, बाकीच्यांनी सवय करून घ्या.

२०१२ मध्ये तर कहर झाला होता. विंडोज ८ मधून स्टार्टचं बटणच गायब केलं. ज्या बटणाने लोक कॉम्प्युटर शिकले, ते नाही! तेव्हा लाखो लोकांची अब्रू 'क्लासिक शेल' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने वाचवली. ते इव्हो बेल्टचेव्ह नावाच्या प्रोग्रामरने २००९ पासून लिहिलेलं होतं. जुना स्टार्ट मेनू जसाच्या तसा. कंपनीने पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण तेवढं परत आणलं, मेनू यायला विंडोज १० उजाडली. या प्रोग्रामरने २०१७ च्या डिसेंबरमध्ये काम थांबवलं. वेळ मिळत नाही, आणि विंडोज १० वर्षातून दोनदा बदलते, दर वेळी काहीतरी मोडतं, असं त्याने उघडपणे सांगितलं. पण जाताना त्याने सगळा कोड लोकांना देऊन टाकला. तो स्वयंसेवकांनी पुढे चालवला, आज त्याला 'ओपन-शेल' म्हणतात. एवढ्या मोठ्या कंपनीने काढून घेतलेली वस्तू अशा माणसांनी, पगाराशिवाय, परत आणून दिली. यावर आपल्याकडे कुणी अग्रलेख लिहिला नाही. मीही नाही.

आता मराठीचं बोलू, कारण खरी फजिती तिथे आहे.

आमच्या एका तरुण वार्ताहराच्या लॅपटॉपचं 'के' हे बटण मेलं. इनस्क्रिप्टमध्ये त्या बटणावर 'क' असतो, शिफ्ट दाबून 'ख'. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला बातमीचे सहा ककार घोकून घेतले होते: कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. पोराकडचे सहाच्या सहा गेले! दुकानदाराने अख्खा की-बोर्ड बदलायचे एकोणीसशे रुपये सांगितले. महिन्याला सात-आठ हजार मानधन मिळणाऱ्याला एकोणीसशे. वर सांगितलेल्या पॉवरटॉइजमध्ये 'कीबोर्ड मॅनेजर' म्हणून एक भाग आहे. एका बटणाचं काम दुसऱ्याला देता येतं. त्याच्या की-बोर्डवर कॅप्स लॉक होताच, मराठी टायपिंगला त्याचा काडीचा उपयोग नसतो. कॅप्स लॉकला 'के' करून टाकला. खर्च शून्य. दोन दिवस हात अडखळला, आता बिनधास्त चालतो.

दुसरं उदाहरण 'ॲ' चं. वकिलांच्या नावामागे आपण 'ॲड.' लिहितो. हे 'ॲ' अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. तोपर्यंत आणि त्यानंतरही लोक कधी 'अ' टाईप करून त्यावर चंद्र देतात, कधी हिंदीतला 'ऍ' वापरतात. पहिले दोन डोळ्यांना सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत. आमच्या ऑफिसात जुन्या बातम्यांत एखाद्या वकिलांचं नाव 'ॲड.' सकट शोधलं तर निम्म्या बातम्या सापडतच नाहीत. आता हाच प्रकार एखाद्या कार्यालयाच्या नोंदींत झाला तर? नाव आहे, पण शोधल्यावर सापडत नाही, आणि खिडकीवरचा माणूस सांगतो, "तुमची नोंद नाही." यावर इलाज आहे. मायक्रोसॉफ्टचंच 'कीबोर्ड लेआउट क्रिएटर' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, जुनं आहे, २००७ च्या सुमाराचं. त्यात आपल्याला हवं ते अक्षर हव्या त्या बटणावर ठेवून आपला लेआउट बनवता येतो. एकदा 'ॲ' ला एक बटण ठरवून दिलं आणि तोच लेआउट ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर टाकला की विषय मिटला.

'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यातला फरकही असाच. लग्नाच्या बातमीत स्वयंपाक करणारे आचारी आणि कॉलेजचे प्राचार्य यांची गल्लत झाली की फोन कुणाला येतो? मला येतो. 'ऱ' कुठे आहे हे बऱ्याच ऑपरेटरना माहीत नसतं. इनस्क्रिप्टमध्ये तो 'र' च्याच बटणावर, शिफ्ट दाबून आहे. इथे सॉफ्टवेअर टाकायचीही गरज नाही, कुणीतरी एकदा दाखवायला पाहिजे होतं फक्त.

मी स्वतः 'ऑटोहॉटकी' वापरतो. २००३ पासून असलेलं हे फुकट साधन आहे. एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं की कंट्रोल, आल्ट आणि अमुक अक्षर एकदम दाबलं की 'जिल्हाधिकारी कार्यालय' उमटलं पाहिजे. दुसऱ्या अक्षराला 'प्रकल्पग्रस्त शेतकरी संघर्ष समिती'. दिवसातून चाळीस वेळा जे लिहायचं ते एका फटक्यात. (मराठी असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग लागेल.) आपल्या गावात फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रांवर मुलं-मुली तोच पत्ता, तोच तालुका, तोच जिल्हा दिवसाला शंभर वेळा टाईप करतात. नगावर पैसे मिळतात त्यांना. त्यांच्या क्लासमध्ये हे अर्धा तास शिकवलं असतं तर त्यांची रोजची किती बोटमोड वाचली असती? क्लासमध्ये काय शिकवतात ते सगळ्यांना माहीत आहे. परीक्षेला कुठल्या बटणावर क्लिक करायचं ते.

आता विरोधकांकडे येतो. मागे मी या विषयावर चार ओळी टाकल्या होत्या तेव्हा दोन प्रकारचे लोक तुटून पडले.

पहिले म्हणाले, हे पोरांचे खेळ. रेनमीटर टाकून डेस्कटॉपवर विमानातल्यासारखी घड्याळं लावायची, थीम बदलायची, वेळ घालवायचा. लावू देत की! आपल्या खोलीच्या भिंतीला रंग देणारं पोर घर समजून घेत असतं. ज्या पोराने रेनमीटरची एक फाइल उघडून त्यातला आकडा बदलून बघितला, त्याला पहिल्यांदा कळतं की कॉम्प्युटर हा सांगितलेलं ऐकणारा प्राणी आहे. आपल्या गावातून पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या चार-पाच जणांना विचारा, सुरुवात कशी झाली होती म्हणून.

दुसऱ्यांचा मुद्दा गंभीर आहे. "फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे व्हायरस." यात तथ्य आहे आणि मी ते झाकणार नाही. वर ज्याचं कौतुक केलं त्या क्लासिक शेलचीच गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०१६ मध्ये ते ज्या साइटवरून वाटलं जायचं तिथे चोर घुसले आणि काही तास खऱ्याच्या जागी खोटी फाइल ठेवली. ज्यांनी ती चालवली त्यांचे कॉम्प्युटर चालू होईनात. त्याच्या आधी २०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉम या नावाजलेल्या साइटवर चांगल्या सॉफ्टवेअरच्या पुड्यात नको ते टूलबार बांधून देत होते, त्यावर मोठा गदारोळ झाला. गूगलने आपलं मराठी टायपिंगचं इन्स्टॉल करायचं साधन विंडोजसाठी द्यायचं बंद केलं, तरी लोक ते कुठल्या-कुठल्या साइटवरून उतरवून घेतातच. त्यात कुणी काय कालवलंय कोण जाणे. (आणि विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक की-बोर्ड आतच आहे. सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. फुकट. अस्सल.)

पण मग मोठ्या कंपनीचं ते सुरक्षित, असंही समजू नका. सीक्लीनर आठवतं? २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच घुसखोरी झाली. तेव्हा ते एका मोठ्या अँटिव्हायरस कंपनीच्या मालकीचं झालेलं होतं. सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर ती बाधित आवृत्ती पोचली. धोका छोट्या-मोठ्याचा नाही. फाइल कुठून घेतली, कोणी दिली, हे न बघण्याचा आहे.

आणि व्हायरसची एवढी काळजी असलेल्या मंडळींना माझा एक प्रश्न आहे. गावात असेंबल केलेली जी मशीनं विकली जातात, त्यातल्या किती मशीनवर विंडोज अस्सल असते? बसस्टँडजवळ फॉर्म भरून देणाऱ्या एक ताई आहेत. त्यांना एका दुकानाने चोरीची विंडोज आणि ती चालू ठेवायला 'ॲक्टिव्हेटर' टाकून मशीन दिलं. ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करून दिला, आणि ताईंना सांगितलंही नाही. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख, दारात पोरांची रांग, आणि ब्राउझर उघडला की जुगाराच्या जाहिराती. दुकानाने उपाय काय सांगितला? "फॉरमॅट मारावं लागेल, आठशे रुपये." ताईंच्या तीन वर्षांच्या फायली त्यात गेल्या. ज्यांच्या घरात फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे पाप, त्यांच्याच दुकानात चोरीचं सॉफ्टवेअर म्हणजे सर्व्हिस. ओपन-शेल टाकायला घाबरणारा माणूस ॲक्टिव्हेटर डोळे झाकून चालवतो, ही आपली सुरक्षिततेची समज.

कंपनीची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. टास्कबार बदलणारी ही साधनं विंडोजच्या आत हात घालतात. विंडोज बदलली की ती कधीकधी कोलमडतात आणि शिव्या कंपनीला बसतात. एप्रिल २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत 'स्टार्टऑलबॅक', 'एक्स्प्लोररपॅचर' अशी साधनं असलेल्या मशीनना नवी आवृत्ती चढवण्यापासून अडवल्याच्या बातम्या आल्या होत्या. कारण खरं असेल. पण मुळात ती सोय काढलीच नसती तर लोकांना आत हात घालायची वेळ का आली असती? स्वतःच दार बंद करायचं आणि खिडकीतून येणाऱ्याला चोर म्हणायचं.

लिनक्सवाले मित्र म्हणतील, आमच्याकडे या. तिथे पट्टी चारही बाजूंना जाते, जुनं मशीनही चालतं. मान्य. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. आपल्या शाळेतली विंडोज १० ची मशीनं भंगारात काढायच्या आधी तो विचार झालाच पाहिजे. पण काकांच्या पेजमेकरचं आणि वीस वर्षांच्या जुन्या फॉन्टमधल्या फायलींचं तिथे काय करायचं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

सरकारी ऑफिसातल्या मशीनवर कुणीही उठून काहीही टाकावं असं मी म्हणत नाही. तिथे बंदी हवीच. पण बंदी घालणाऱ्याने तपासलेल्या पाच-सहा साधनांची यादी काढून ती स्वतः टाकून द्यावी की. अक्षर मोठं करणं, माउसचा बाण ठळक करणं हे तर विंडोजच्या आतच आहे. तरी पन्नाशीतले क्लार्क नाक स्क्रीनला लावून बसलेले मी रोज बघतो. त्यांनाही कुणीतरी म्हणालेलं असणार, सवय करून घ्या.

नगरपरिषद यंदा कॉम्प्युटर खरेदी करणार आहे. मी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज लिहिलाय. ऑर्डर देण्याआधी त्या मशीनवर बसणाऱ्या ऑपरेटरना विचारा, बिलावर अस्सल विंडोजचा स्पष्ट उल्लेख घ्या, सगळ्या मशीनवर मराठीचा एकच लेआउट टाका, आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्यातून एक संध्याकाळ हे शिकवायला द्या. शिकवायला मी येतो, पैसे नकोत. अर्ज मंगळवारी देणार आहे, सकाळी अकरा वाजता, आवक-जावकच्या टेबलापाशी. सह्यांसाठी मागे दोन कोरे कागद जोडलेत. काकांची सही पहिली आहे.